गाडी लेट नव्हती

ताई,

तुम्ही मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. मी ४६ वर्षांची आहे, बदलापूरला राहते आणि फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. घरी नवरा, यंदा बारावीत गेलेला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. सगळं नीट आहे, हे आधीच सांगते. नवरा चांगला आहे. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. म्हणून तर हे लिहायलाही लाज वाटतेय.

सकाळच्या गाडीला पूर्वी आमचा ग्रुप होता, चौदा वर्षांचा. मेथी निवडायची, मटार सोलायचे, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण. लॉकडाऊननंतर तो विस्कटला. दोघी रिटायर झाल्या, एकीने व्हीआरएस घेतली, बाकीच्यांच्या वेळा बदलल्या. आता जाताना-येताना मी नुसती उभी असते. दिवसभर आकडे जुळवते, घरी आल्यावर सगळ्यांच्या वेळा जुळवते.

संध्याकाळी कर्जत लोकलने साडेसातच्या सुमारास उतरते. घर स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. पण गेले सात-आठ महिने मी उतरल्यावर लगेच घरी जात नाही. फलाटाच्या कर्जतकडच्या टोकाला एक बाक आहे, तिथे गर्दी नसते. वीस मिनिटं बसते. सकाळच्या पेपरातलं शब्दकोड्याचं पान पर्समध्ये घडी करून ठेवलेलं असतं आणि पेन्सिलीचा एक तुकडा. चहा घेते, कोडं सोडवते. समोर एक गजरेवाली बसते. ती बोलते गिऱ्हाइकाशी, बघते तिसरीकडेच, आणि बोटं आपली कळ्या ओवत असतात. ते बघत बसते. एवढंच. कुणाला भेटत नाही, कुणाला फोन करत नाही.

घरी सांगते, गाडी लेट होती. आमच्या लाइनला हे कुणालाही पटतं.

मागच्या आठवड्यात मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, ॲपवर तर तुझी गाडी वेळेवर दाखवत होती." मी म्हटलं, "अरे, दारात एवढी गर्दी की उतरताच आलं नाही. वांगणीला जाऊन परत आले." नवरा म्हणाला, "अगं, फोन नाही का करायचा?" आणि उठून मला पाणी आणून दिलं. ताई, ते पाणी मला गिळवेना.

त्याच्या आदल्याच दिवशी बाकावर बसून जांभळं खाल्ली होती. आदिवासी बायका द्रोणात घेऊन बसतात ना, ती. घरी जायच्या आधी नळावर तीनदा चूळ भरली, जीभ दिसू नये म्हणून. ४६ व्या वर्षी!

मी स्वार्थी आहे का? ही वीस मिनिटं मी घरच्यांची चोरतेय का? बंद करू का हे सगळं?

– बाकावरची, बदलापूर

* * *

प्रिय बाकावरची,

बाक सोडू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण उत्तर येईपर्यंत तू जीव मुठीत धरून बसली असशील.

सोडायचं ते "गाडी लेट होती". आणि ते लवकर सोड. पत्रभर तू वीस मिनिटांची सफाई देत राहिलीस. कुणाला भेटत नाही, कुणाला फोन करत नाही. जसं काही समोर कुणी उलटतपासणीला बसलंय. पण अडकलं कुठे? नवऱ्याने दिलेल्या पाण्याशी. तू बाकावर बसलीस म्हणून कुणाचं काही बिघडलेलं नाही. ते पाणी मात्र त्याने वांगणीपर्यंत गर्दीत चेंगरून जाऊन आलेल्या बाईसाठी आणलं होतं, आणि ती बाई तू नव्हतीस. म्हणून ते घशाखाली उतरलं नाही.

घरात कुणी वाईट नाही, असं तू म्हणतेस. मला ते पटतं. मग घरात कुणी वाईट नसतानाही तुला खोटं का बोलावं लागलं, हे जरा बघू या.

आपल्या घरांतलं एक वाक्य आठव. "आत्ताच आलाय, जरा टेकू दे त्याला." मी हे वडिलांसाठी ऐकलंय, भावासाठी ऐकलंय, माझ्या यजमानांसाठी ऐकलंय. माझ्या मुलासाठी मी स्वतः म्हटलंय. बाई दारातून आत आली की वाक्य बदलतं. "आलीस? बरं झालं." त्या 'बरं झालं'मध्ये माया असते, ती खोटी नसते. पण तिच्या पाठोपाठ कुकर असतो, दूध तापवायचं असतं, कुणाची तरी वही हरवलेली असते. जरा टेकू दे तिला, असं तिच्यासाठी कुणी म्हणत नाही. मुद्दाम म्हणत नाहीत असंही नाही. ते वाक्य तिच्यासाठी तयारच झालेलं नाही.

माझं आजोळ राजापूरजवळचं. आजोबा संध्याकाळी शेतावरून आले की पायरीशी पाण्याची कळशी आणि तांब्या भरून ठेवलेला असायचा. पाय धुवायचे, पडवीतून ओटीवर यायचं, भिंतीला टेकून बसायचं. मग गूळ आणि पाणी. आजोबांचं पान लावून होईपर्यंत घरातलं कुणी त्यांना काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. गाय आजारी असली तरी ते पानानंतर. आजीही त्याच शेतावरून यायची. ती डोक्यावर भारा घेऊन मागीलदारी यायची. भारा गोठ्याशी टाकायची, हात धुवायची आणि तशीच चुलीपुढे. संध्याकाळच्या वेळी आजी ओटीवर बसलेली मला आठवत नाही. लहानपणी त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. तुझं पत्र वाचताना परवा ती कळशी डोळ्यांपुढे आली आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

आता आपल्या फ्लॅटना ओटीही नाही आणि मागीलदारही नाही. एकच दार, आणि तिथून चार पावलांवर गॅसचा ओटा. पुरुषांची ओटी सोफ्यावर आली. तुझी कुठेच आली नव्हती. ती तू स्वतः शोधलीस, फलाटाच्या कर्जतकडच्या टोकाला.

पण आजीला स्वतःचा असा वेळ अजिबात नव्हता, असंही म्हणता येणार नाही. होता. पहाटे जात्यावर. दळताना ती ओव्या म्हणायची, त्यात माहेर यायचं, भाऊ यायचा, विठोबा यायचा, आणि जे कुणाला तोंडावर बोलता यायचं नाही तेही यायचं. एकट्या माझ्या आजीची ही गोष्ट नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. एवढं सगळं बायका जात्यावर बसून बोलल्या. आणि त्यांना कुणी अडवलं नाही, कारण खाली पीठ पडत होतं.

तुमच्या गाडीतल्या ग्रुपचंही तेच. तुम्ही हसत होतात, एकमेकींच्या साड्या बघत होतात, सासरच्या गोष्टी मोकळ्या करत होतात, चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून सुखात होतात. पण मांडीवर मेथी होती. उतरताना पिशवीत निवडलेली भाजी असायची, मग त्या तासाचा हिशेब कुणी मागायचं नाही. तूही स्वतःकडे मागितला नाहीस. चौदा वर्षं रोज तुला स्वतःचा वेळ मिळत होता आणि तो मिळतोय हे तुझ्याही लक्षात नव्हतं. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या. ऑक्टोबरात बायकांना पुन्हा चढू दिलं, तेव्हा डबे होते, ग्रुप नव्हते. त्या वेळी काय गेलं, हे कुणी मोजलं नाही. लोकांची माणसं गेली होती, नोकऱ्या गेल्या होत्या. त्यात गाडीतल्या मैत्रिणी गेल्या म्हणून कोण रडणार? पण ती जागा तुझ्या दिवसातून गेली ती गेलीच. आणि तीन-चार वर्षं गर्दीत उभं राहिल्यावर एका संध्याकाळी तुझे पाय आपोआप त्या बाकाकडे वळले.

बाकावर पीठ पडत नाही. भाजी निवडून होत नाही. शब्दकोडं सुटलं तर सुटलं, त्याचं कुणाला काही मिळत नाही. तुला ही चोरी वाटते ती एवढ्याचसाठी. कामाच्या आड लपवलेला वेळ आपल्याला कधी टोचत नाही, उघडा वेळ टोचतो. बाई, तो उघडाच असू दे. कोडं सोडवणं हे काही कशाची तयारी नाही, त्याने बुद्धी तल्लख राहते म्हणून सोडव असंही मी म्हणणार नाही. तुला ते आवडतं, तेवढं मला पुरतं. मीही रोज सोडवते. आडव्या शब्दाला 'कि' हवा असतो आणि उभ्याला 'की', दोन्ही त्याच घरात. मग आपण पेन्सिलीचं टोक ओठाला लावून बघत राहतो, की या दोघांतला चुकला कोण. आणि एकदम तिसराच शब्द सुचतो आणि दोन्हीकडून नीट बसतो. दिवसभर ऑफिसात आकडे जुळले तर कुणी शाबासकी देत नाही, न जुळले तर चौकशी. इथे जुळलं की आपलं आपल्याला कळतं आणि हसू येतं. ही करमणूक लहान आहे, पण अस्सल आहे.

हिशेबाची बाई आहेस म्हणून दोन आकडे देते. देशभर लोक दिवसाचे २४ तास कसे घालवतात, याची सरकारी पाहणी २०१९ साली झाली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. ते काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली, तेव्हा बाई २८९ वर आली आणि पुरुष ८८ वर. बाईची दहा मिनिटं कमी झाली म्हणून बरं वाटावं, तर पुरुषाचीही नऊ कमी झालेली. हे नवऱ्याच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये. तो पाणी आणून देणारा माणूस आहे, त्याच्याशी आकड्यांनी बोलू नकोस. तुझ्या मनातल्या त्या 'चोरते आहे का'ला उत्तर म्हणून सांगितलं. ज्या वहीतून तू वीस मिनिटं चोरल्याचं म्हणतेस, ती वही एकदा नीट तपास. येणं कुणाकडे निघतंय, ते तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

एक मात्र मला विचारलं पाहिजे. बाकावर बसल्यावर तुला हलकं वाटतं ना? तुझ्या पत्रावरून तरी तसं वाटतं. गजरेवालीची बोटं ज्या बाईला दिसतात, ती बाई बुडालेली नसते. पण तिथे बसून रडू येत असेल, घरी जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर मग हे प्रकरण वीस मिनिटांचं नाही. तसं असेल तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवस-रात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि मला पुन्हा लिही.

आता खोट्याकडे येते. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, कारण मी हेच केलंय.

मी डोंबिवलीहून बत्तीस वर्षं नोकरी केली. स्टेशनजवळ एक वाचनालय होतं. मी घरी सांगायची, भाजीला वेळ लागला. पिशवीत खाली पुस्तक आणि वर मेथीची जुडी. यजमान विचारायचे, "आज बाजारात गर्दी होती का गं?" मी म्हणायची, "होती ना." वर्षानुवर्षं. त्यांनी पुस्तकांना कधी नाही म्हटलं नव्हतं, पुढेही म्हटलं नसतं. पण एकदा तसं सांगितलं आणि मग रोज तेच सांगत गेले. पुढे मी निवृत्त झाले, तेव्हा सांगू म्हटलं, राहिलं. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. पुस्तकं वाचल्याचं मला जराही वाईट वाटत नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी, विचारपूस करणाऱ्या माणसाला मी रोज चुकीचं उत्तर दिलं, ते टोचतं. तुझ्याकडे अजून वेळ आहे.

आणि बदलापूरकरणीला एक व्यवहाराचं कारणही सांगते. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी तास न् तास गाडीत, मग होड्या, हेलिकॉप्टर. तू विसरली नसशील. तुमच्या भागात "गाडी लेट आहे" या वाक्यावर घरचे ठरवतात, चहा ठेवायचा की स्टेशनवर धावायचं. ते वाक्य रोजच्या वापराने झिजवू नकोस. पावसाळा तोंडावर आहे, आणि एखाद्या रात्री तुला ते खरंच म्हणावं लागेल.

सांगायचं कसं? आधी मुलाला. नवऱ्याच्याही आधी. कारण त्याने तुला पकडलं आणि तू त्याच्यासमोर दुसरं खोटं रचलंस. सतरा वर्षांच्या मुलाला ॲपही कळतं आणि आईचा चेहराही. तो गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं समजू नकोस. त्याला एकट्याला गाठ, दोघं कुठे चालत जात असाल तेव्हा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालताना या वयाच्या मुलांशी बरं बोलता येतं. म्हण, "त्या दिवशी मी खोटं बोलले. गाडी वेळेवर होती. मी स्टेशनवर बसले होते." त्याच्यापुढे 'पण' लावू नकोस. 'पण मी दमते', 'पण तुम्ही कुणी' असलं काही नाही. 'पण' आला की माफी त्याच्याकडून मागितल्यासारखी होते.

त्याने ॲप बघितलं म्हणून रागवू तर अजिबात नकोस. तो का बघत होता, ते विचार. तुला वाटतं पाळत ठेवत होता. मला नाही तसं वाटत. बारावीतलं पोर, क्लास आटपून घरी येऊन, आईची गाडी कुठपर्यंत आली ते बघतं. अंबरनाथ सुटलं, आता येईल. भूक लागली असेल, नाहीतर तुला काही सांगायचं असेल. घरात तुझी वाट बघणारं माणूस आहे, बाई. त्याला खरी वेळ कळली तर तो आठची वाट बघेल. साडेसातपासून वीस मिनिटं उगाच घुटमळणार नाही.

मग नवऱ्याला. रात्री जेवणं झाल्यावर, भांडी ओट्यावरून हलल्यावर. एवढंच म्हण: "मी गाडीतून उतरले की वीस मिनिटं स्टेशनवर बसते. मला तेवढं लागतं. वांगणीला मी गेले नव्हते. तू पाणी दिलंस तेव्हाच सांगायला हवं होतं." बसू का, असं विचारू नकोस, बसते असं सांग. डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघे दुखतात, असलं कारण तर मुळीच जोडू नकोस. ते पुन्हा मेथीच्या जुडीखाली पुस्तक घालणं झालं. त्याला वाईट वाटेल, कदाचित थोडं दुखेलही, की घरी यायचं हिच्या जिवावर येतं की काय. त्या वेळी त्याला तुझ्या ग्रुपबद्दल सांग. चौदा वर्षांबद्दल सांग. मला शंका आहे, तो ग्रुप गेला तेव्हा तुझं काय गेलं हे तू त्याला कधी सांगितलंच नसशील.

आणि आठपर्यंत घरात काय व्हायला हवं, ते त्याच दमात ठरवा. तो सातला येत असेल तर सातला येणाऱ्याने कुकर लावायचा. डाळीचं भांडं खाली, तांदळाचं वर, तांदळाच्या दुप्पट पाणी, तीन शिट्ट्या. बारावीतल्या मुलालाही जमतं, आणि उद्या हॉस्टेलवर गेला तर तुझी आठवण काढून जेवेल. पहिले चार दिवस भात गिजका होईल. खा. काही बोलू नकोस.

सासूबाईंना नवऱ्याकडून निरोप पाठवू नकोस. त्यांना तूच सांग. त्यांच्याबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, टाकून बोलल्या नाहीत अशी. ७४ वर्षांची बाई दिवसभर घरात एकटी. सकाळी तुम्ही तिघं बाहेर पडता ते संध्याकाळी परत. तुझ्याकडे निदान बाक आहे. त्यांच्याकडे काय आहे? मी तुझ्यावर आणखी एक काम लादत नाहीये. करायला सांगतेय ते अगदी थोडं आहे: कोडं सगळं सोडवू नकोस. तीन-चार शब्द मुद्दाम ठेव आणि घरी गेल्यावर, भाजी परतता परतता विचार. "आई, तांदूळ धुवायची बांबूची टोपली, तीन अक्षरी." 'रोवळी' त्यांच्या तोंडून तू वाक्य पुरं करायच्या आत बाहेर पडेल. अडकित्ता, शिंकाळं, कोनाडा, माजघर, हे सगळं त्यांनी हातांनी वापरलंय. आपण ते कोड्यापुरतं ओळखतो. त्यांना एखादा शब्द तुझ्याआधी सुचला की त्यांचा चेहरा बघ.

बाक मात्र घरी आणू नकोस. "मग आपण सगळेच रविवारी तिथे जाऊ," असं नवरा प्रेमाने म्हणेल. नको म्हण. रविवारी बारवी धरणाच्या बाजूला फिरायला जा, हवं तिथे जा. पण तो बाक, ती पेन्सिल, ती गजरेवाली हे तुझ्या एकटीचं राहू दे. काही जणींना हे पटणार नाही, त्या म्हणतील घरच्यांपासून वेगळं असं काही असूच नये. मी या बाबतीत ठाम आहे. आजोबांच्या ओटीवर त्यांचं पान होईपर्यंत कुणी जात नव्हतं, आणि त्याने आमचं घर मोडलं नाही.

राहिली जांभळं. अगं, जांभळाची जीभ चूळ भरून जाते का कधी? तीनदा काय, दहादा भरलीस तरी ती रात्रीपर्यंत तशीच राहते. तू घरी जाऊन बोललीस, हसलीस, जेवायला वाढलंस. नवऱ्याला दिसली नसेल, मुलाला दिसली नसेल, पण सासूबाईंना दिसली असणारच. त्यांचं आख्खं आयुष्य अशा गोष्टी बघण्यात गेलंय. आणि त्या काही बोलल्या नाहीत. लेट झालेल्या गाडीतून सून जांभळी जीभ घेऊन आली, आणि त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

हंगाम आता आठ-दहा दिवसांचाच. पाऊस जोरात लागला की जांभळं पाणचट होतात. तेव्हा उद्याच दोन द्रोण घे. एक तिथे बसून निवांत संपव, बिया मोज, चूळ भरू नकोस. दुसरा पिशवीत सांभाळून घरी ने, पिचली तर डाग जात नाहीत. दार उघडल्यावर द्रोण सरळ सासूबाईंच्या हातात दे आणि म्हण, "आई, गाडी वेळेवर होती. मी स्टेशनवर बसले होते." मग मिठाचा डबा काढ आणि त्यांच्याशेजारी बस. कुकर लागलेला असेल.

तुझी,
ताई